जास्वंदीची काडी

कुवेतमध्ये काय मिळत नाही, असं नव्याने आलेल्या पाहुण्यांनी विचारलं की आम्ही जुने लोक जरा छाती फुगवूनच सांगतो, "सगळं मिळतं!" अळूची पानं मिळतात, कच्चा फणस मिळतो, मोदकाची पिठी मिळते, हंगामात हापूस मिळतो (भाव विचारायचा नाही), आणि गणपतीच्या आदल्या दिवशी थोडी धावाधाव केली तर दूर्वाही मिळतात. मोगऱ्याचे गजरे विमानाने येतात. पण गणपतीला वाहायचं लाल जास्वंदीचं फूल मात्र विकत मिळत नाही. यात कुवेतचा काही दोष नाही. जास्वंदीचं फूल सकाळी उमलतं आणि संध्याकाळी मिटून मान टाकतं. असा एका दिवसाचा माल कोण व्यापारी विमानात घालणार? तेव्हा ज्याला फूल हवं त्याने झाड लावावं, एवढा एकच मार्ग उरतो.

ही अशाच एका झाडाची हकीकत आहे. झाड खरं म्हणजे माझं नव्हे.

मी कुवेतला आलो २००९ साली. सालमियात आमच्या बिल्डिंगच्या मागच्या गल्लीत एक जुनं दुमजली घर होतं. त्याच्या तळमजल्यावर एक मराठी जोडपं राहत असे. मंडळातले सगळे त्यांना काका-काकू म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. त्यांच्या दारापुढे छोटा हौश, म्हणजे आपल्या भाषेत अंगण, आणि अंगणाच्या कोपऱ्यात पुरुषभर उंचीची जास्वंद. साधी, पाच पाकळ्यांची, तांबडी, मधला तुरा ऐटीत बाहेर काढलेली. डबल नाही, पिवळी नाही, बशीएवढी तर मुळीच नाही. कोकणात कुठल्याही कुंपणाला असते तशी. संकष्टीला सकाळी ऑफिसला निघताना आमच्या दाराच्या कडीला एक प्लॅस्टिकची पिशवी अडकवलेली असायची आणि तीत दोन फुलं असायची. बेल वाजवून कोणाची झोप मोडणं काकूंना पसंत नसे.

ही जास्वंद काकूंनी १९८२ साली चिपळूणहून, आपल्या माहेरच्या विहिरीजवळच्या झाडावरून आणली होती. चार काड्या ओल्या फडक्यात गुंडाळल्या, वर दुधाची रिकामी पिशवी, आणि सगळं पर्समध्ये. (त्या काळी कोणी विचारत नसे. आज कोणी असं करू नये. त्याबद्दल पुढे लिहिणारच आहे.) चारांतली एक रुजली. ती वाढल्यावर काकूंनी ओळखीपाळखीत काड्या वाटल्या. त्यातली एक फहाहीलला राहणाऱ्या एका मल्याळी नर्सकडे गेली. काकूंच्या बाळंतपणात त्या नर्सबाईंनी फार केलं होतं, त्याची ही परतफेड.

मग २ ऑगस्ट १९९० आला. इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. पुढचं आपल्यातल्या अनेक घरांनी भोगलेलं आहे, आणि नव्या मंडळींनी निदान सिनेमात पाहिलेलं आहे. काका-काकू दोन मुलांना घेऊन सप्टेंबरात बसने बसरा, बगदाद करत जॉर्डनची राजधानी अम्मान इथे पोचले. तिथून एअर इंडियाच्या विमानांनी एक लाखाहून जास्त भारतीय मायदेशी आणले, त्यांत हे चौघे. १९९२ साली काका परत कामावर रुजू झाले तेव्हा घर लुटलेलं होतं. पंखेसुद्धा काढून नेलेले. आणि जास्वंदीचं सरपण झालेलं. दोन उन्हाळे पाण्याचा थेंब नाही, दुसरं काय होणार?

फहाहीलची नर्स मात्र इस्पितळ सोडून गेली नव्हती. १९९१ साली तेलविहिरी पेटवल्या गेल्या, सहाशेच्या वर. त्यांतल्या पुष्कळशा तिथून जवळच, अहमदी आणि बुरगानच्या बाजूला. दिवसा दिवे लावावे लागत. शेवटची विहीर विझली ती ६ नोव्हेंबर १९९१ ला. तोवर त्या बाई रोज ओल्या फडक्याने जास्वंदीची पानं पुसत होत्या म्हणे, कारण पानांवर काजळीचा तेलकट थर बसायचा. काकू तिथे गेल्या आणि आपल्याच झाडाच्या पाच काड्या कापून सालमियाला घेऊन आल्या. अंगणातली जी जास्वंद मी पाहिली ती ही. ही गोष्ट सांगताना काकू भावुक वगैरे होत नसत. "पैसे कसे दोन बँकांत ठेवतात, तशा काड्या ठेवायच्या," एवढंच म्हणायच्या.

"आपल्याच झाडाच्या" असं मी वर लिहिलं ते जिभेवर आलं म्हणून नव्हे. आंब्याची कोय लावली तर येणारं झाड आईबापांसारखं असेलच असं नाही. काडी लावली तर मात्र येतं ते मूळ झाडच. पोर नव्हे, तेच. जास्वंदीत तर याला दुसरा इलाजच नाही, कारण आपली ही तांबडी जास्वंद सहसा बी धरत नाही. लिनियसने १७५३ साली या झाडाला 'चीनचा गुलाब' अशा अर्थाचं नाव दिलं, पण रानात आपोआप उगवलेली ही जास्वंद आजवर कोणाला सापडलेली नाही. म्हणजे कित्येक शतकं माणसं ती काडी-काडीने या अंगणातून त्या अंगणात नेत आली आहेत. मधला एखादा दुवा तुटला की त्या फांदीपुरता खेळ खलास.

आणि तो तुटायची वेळ २०१९ च्या जूनमध्ये आली. काका निवृत्त झाले, इकामा संपत आला, आणि घरमालकाने जागा विकली. जुनं घर पाडून तिथे टोलेजंग इमारत उठणार. सदतीस वर्षांचा संसार आवरून दोघं पुण्याला निघाली. कपाट एकाला, मिक्सर दुसऱ्याला, पुस्तकं मंडळाला. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी काकूंनी मला अंगणात नेऊन सिकेटर हातात दिला आणि म्हणाल्या, "अरे, तू एवढा शिकलेला इंजिनिअर. चार काड्या रुजवणं तुला काय कठीण? आणि रुजल्या की एक फहाहीलकडे कोणाला तरी दे. त्या सिस्टर गेल्या आता केरळात."

मी चाराऐवजी आठ कापल्या आणि आठही मारल्या.

मी वातानुकूलनातला माणूस. अमेरिकेत मास्टर्स करताना दमट हवा आणि कोरडी हवा यांची गणितं दोन वर्षं सोडवली. तरी झालं ते असं. चांगल्या हातभर लांब, पानांनी भरलेल्या, वर कळ्यासुद्धा असलेल्या फांद्या निवडल्या, कारण दिसायला त्या जोमदार दिसत होत्या. चार कुंडीत खोचून बाल्कनीच्या सावलीत ठेवल्या, चार पाण्याच्या ग्लासात घालून दिवाणखान्यात, नेमक्या एसीच्या झोताखाली. बाल्कनीतल्या चार दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुरकुरीत झाल्या. कुवेतचा उन्हाळा म्हणजे काय ते आपल्याला सांगायला नको. इथल्या मित्रिबा केंद्रावर २१ जुलै २०१६ ला नोंदलेलं ५३.९ अंश तापमान जागतिक हवामान संघटनेनेही मान्य केलेलं आहे. ग्लासातल्या चार पंधरा दिवस हिरव्या राहिल्या. रोज संध्याकाळी मी मोठ्या आशेने ग्लास उजेडात धरून बघायचो. मग बुडखे काळे, बुळबुळीत झाले आणि सौ.ने नाक दाबून ते केरात टाकले.

गणित मी केलं, पण काड्या मेल्यावर. बाहेर ४५ अंश आणि आर्द्रता १० टक्के, घरात २४ अंश आणि ५० टक्के असं धरलं, तर बाहेरची हवा घरातल्या हवेच्या जवळजवळ सहापट जोराने पानातलं पाणी ओढते. मुळं असलेलं झाड खालून भरपाई करतं. काडीला मुळं नसतात. तिच्याजवळ आहे ती शिल्लक खाऊन तिला नवी मुळं काढायची असतात आणि तोवर वरून गळती चालूच. तेव्हा रुजवण्याची सगळी विद्या म्हणजे ही गळती थांबवणं. काडीवर प्लॅस्टिकची पिशवी घातली आणि आतली आर्द्रता ९५ टक्क्यांवर गेली, तर तीच ओढ खोलीतल्या हवेच्या एक-दशांश होते. ज्या माणसाने इथल्या मोठमोठ्या इमारतींच्या हवेचे हिशेब केले, त्याला एक पिशवी सुचली नाही.

काकूंना फोनवर सांगितलं. "सगळ्या?" एवढंच त्या म्हणाल्या. तो एक शब्द मला महिनाभर पुरला.

सुदैवाने घर लगेच पाडलं गेलं नाही. भोवती पत्रे ठोकले होते आणि आत जुना हारिस राखण करत बसलेला असे. अस्वानकडचा, वयस्कर, गळपट्टा बाराही महिने. मी पत्र्याच्या फटीतून डोकावलो की "या बाशमुहंदिस!" म्हणून हाक मारायचा. मिसरी लोक इंजिनिअरला असं म्हणतात. माझ्या कामगिरीनंतर मला ते जरा टोचायचं. जास्वंद जिवंत होती, कारण हा माणूस हात धुतलेलं पाणी तिच्या बुडाशी टाकत असे. त्याला ते झाड ओळखीचं वाटे. त्याच्या गावाकडे करकदे पिकतं. करकदे म्हणजे आपल्या लाल अंबाडीची बोंडं वाळवून केलेलं आंबटगोड लाल सरबत. अंबाडी, भेंडी आणि कापूस ही जास्वंदीची सगळी भावकीच. "पण याचं सरबत होत नाही, मग तुम्ही करता काय याचं?" असं त्याने विचारलं तेव्हा मी सांगितलं की देवाला वाहतो. त्याने मान डोलावली आणि विषय वाढवला नाही.

ऑक्टोबरात, हवा तिशीपर्यंत उतरल्यावर, मी दुसऱ्यांदा बसलो. या वेळी पुस्तक वाचून. ज्यांना करून बघायचं आहे त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहितो. काडी पेन्सिलीएवढी जाड हवी. अगदी कोवळी हिरवी नको, ती कुजते. अगदी जून करडी नको, ती फार वेळ घेते. हिरवटपणा नुकताच तपकिरीकडे झुकलेला असावा. लांबी वीतभर, तीन-चार पेरं. खालचा काप पेराच्या लगेच खाली आणि तिरपा, वरचा आडवा सरळ. हा फरक ठेवायचा तो शोभेसाठी नव्हे, तर काडीचं डोकं कुठलं आणि पाय कुठले हे नंतर कळावं म्हणून. वरच्या डोळ्यांत आणि कोवळ्या पानांत तयार होणारं ऑक्सिन नावाचं द्रव्य खोडातून खाली सरकतं, तळाच्या कापाशी साठतं आणि तिथे मुळं फुटतात. काडी उलटी खोचली तरी ते आपल्या मूळच्या दिशेनेच जातं, मग मुळं कुठून येणार? माझ्या सहातली एक उलटी होती. हसू नका. सहा काड्या ट्रेमध्ये पडल्या की सगळ्या सारख्याच दिसतात.

कळ्या आणि फुलं काढून टाकायची, मन घट्ट करून. खालची पानं काढायची, वरची दोन ठेवायची आणि तीही अर्धी कापायची. सगळीच काढली तर काडीला खाणं आणि ऑक्सिन दोन्ही कमी पडतात, सगळी ठेवली तर गळती. तळ ओला करून रुजवण्याच्या पावडरीत टेकवायचा आणि जास्तीची पावडर झटकायची. जास्त लावली तर फायदा नाही, उलट काडी भाजते. ही पावडर म्हणजे इंडोल ब्युटिरिक ॲसिड. त्याने मुळं फुटतात हे १९३५ साली अमेरिकेतल्या बॉइस थॉम्पसन इन्स्टिट्यूटमध्ये दाखवलं गेलं. मी पुण्याहून आणली होती. मातीऐवजी कोकोपीट आणि परलाइट निम्मंनिम्म. इथली वाळू फुकट आहे म्हणून वापरू नका. ती फार बारीक, चुनखडीची आणि बहुधा खारी असते.

सहातल्या दोन रुजल्या. पिशवी काढली, कुंडीत लावल्या, चार-चार नवी पानं आली, आणि मी काकूंना फोटो पाठवला. पुढे तीन आठवड्यांत पानांच्या कडा तपकिरी झाल्या, जणू कोणी उदबत्तीने सावकाश जाळत नेल्या आहेत. मग पानं गळली. डिसेंबरात दोन्ही गेल्या.

याचं निदान हारिसने केलं. सुकलेली कुंडी घेऊन मी त्याच्याकडे गेलो. त्याने मातीवरचा पांढरा पापुद्रा बोटाने उचलला, जिभेला लावला आणि थुंकून म्हणाला, "मय्या मालिहा." खारं पाणी! कुवेतमध्ये पाण्याचे दोन नळ असतात हे आपल्याला माहीत आहे. पिण्याचं पाणी समुद्राच्या पाण्याची वाफ करून मिळवलेलं. शुवैखला सरकारी प्रकल्प १९५३ साली सुरू झाला, त्याआधी शत्त-अल-अरबहून गलबतांत भरून पाणी येत असे. दुसरं पाणी सुलैबिया, शिगाया इकडच्या जमिनीतून काढलेलं मचूळ, बागेसाठी आणि धुण्यापुसण्यासाठी. मी बिल्डिंगच्या खाली गाडी धुण्याच्या नळावरून झारी भरत होतो. खजूर, कण्हेर, बोगनवेल ते पाणी सोसतात. जास्वंदीला, त्यातून मूठभर मुळांच्या पोराला, ते सोसत नाही. मीठ कुंडीत साठत जातं. ज्या देशात प्यायच्या पाण्यासाठी समुद्र उकळावा लागतो तिथे ते झाडाला घालायला हात धजत नव्हता, म्हणून हा काटकसरीपणा. काकू सदतीस वर्षं तांदूळ धुतलेलं पाणी घालत होत्या, ते प्यायच्या नळाचंच असायचं. मला कधी विचारावंसं वाटलं नाही.

२०२० च्या फेब्रुवारीत घर पाडायला सुरुवात झाली. पुढची भिंत पडल्यावर हारिसचा निरोप आला, आज ये, उद्या नाही. गेलो तर अंगणात विटांचा ढीग आणि त्याखालून जास्वंदीच्या तीन फांद्या बाहेर. नऊ काड्या मिळाल्या. त्याच्यादेखतच मी त्या नीट कापल्या. तो शेजारच्या बकाल्यातून, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याकडून, दीड लिटरच्या पाण्याच्या रिकाम्या बाटल्या घेऊन आला, चाकूने मधोमध कापल्या, खालच्या भागाला भोकं पाडली आणि वरचा भाग टोपीसारखा बसवून दाखवला. खाली कुंडी, वर काचेचं घर, आणि हवा द्यायची झाली की बूच उघडायचं. अस्वानला त्याची आई पुदिना असाच लावायची म्हणे, फक्त तेव्हा बरणी असायची. तो त्याच महिन्यात गावी गेला. त्यानंतर त्याची माझी भेट नाही.

फेब्रुवारीत इथल्या रात्री थंड असतात आणि मुळं फुटायला बुडाशी पंचवीस अंशांच्या आसपास ऊब लागते. म्हणून नऊ बाटल्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजच्या डोक्यावर, खिडकीशेजारी ठेवल्या. सौ.ने "फ्रिज उघडला की देऊळ हलतं" अशी तक्रार केली, पण हलवू दिल्या नाहीत. २२ मार्चपासून संचारबंदी लागली. घरात बसून दुसरं करायचं काय? बाटली पारदर्शक असल्याने सगळं दिसत होतं. आधी बुडख्याला पांढरी, साबुदाण्यासारखी दाटी झाली. जखम भरून येते तसला हा प्रकार. मग बरेच दिवस काहीच नाही. मार्चअखेर एका बाटलीच्या भिंतीला पांढरा दोरा चिकटलेला दिसला. मुलीने तो फोटो काकूंना पाठवला, मी नाही. माझा माझ्या फोटोंवर विश्वास उरला नव्हता.

नवातल्या चार रुजल्या. बूच रोज थोडा जास्त वेळ उघडं ठेवून त्यांना आठ-दहा दिवसांत बाहेरच्या हवेची सवय लावली, मग कुंड्यांत हलवलं. प्यायचं पाणी, आणि महिन्यातून एकदा तळातून भरपूर वाहून जाईल इतकं, म्हणजे मीठ साठत नाही. एक मे महिन्यात गेली. १० ते ३० मे पूर्ण संचारबंदी होती आणि जिथे ठेवायची सोय केली होती तिथे मला जाता आलं नाही. तीन राहिल्या.

त्या वर्षी गणेशचतुर्थी २२ ऑगस्टला होती. एका झाडाला एक कळी आली होती. २० तारखेला ती गळून पडली. ऑगस्टच्या उन्हात जास्वंद कळ्या टाकते. आम्ही तीच कळी देवापुढे ठेवली. सौ. म्हणाली चालेल.

पुढच्या वर्षी तयारी आधीपासून केली. जास्वंद नव्या फुटव्यावर फुलते, आणि छाटल्यापासून साधारण आठ-दहा आठवड्यांनी. १० सप्टेंबर २०२१ ची चतुर्थी धरून जूनच्या अखेरीस शेंडे खुडले. जुलैपासून कुंडी घरात, पूर्वेच्या खिडकीशी, एसीच्या झोतापासून दूर. इथपर्यंत सगळं हिशेबाप्रमाणे.

२२ जुलैला चिपळूण बुडालं. वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरल्याची दृश्यं आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. काकूंच्या माहेरच्या घरात माळ्याला लागेपर्यंत पाणी होतं. माणसं वाचली. आठवड्याने फोन लागला तेव्हा काकूंनी भांड्याकुंड्यांचं, फ्रिजचं, जुन्या फोटोंचं सांगितलं, आणि शेवटी सहज सांगावं तसं, "विहिरीवरची जास्वंद चिखलात आडवी झाली रे. भावाने साफसफाईत उपटून टाकली." मी म्हटलं, गावात आणखी असतील की. "असतील. तांबडी जास्वंद काय, कुठेही असते. पण ती आपलीच कशावरून?"

इथल्या अल-राईच्या रोपवाटिकांतही कधीकधी लाल जास्वंद मिळते, आणि दोन दिनारांत हे सारं प्रकरण मिटलं असतं, हे मला पहिल्या आठ काड्या मेल्या तेव्हाच कळत होतं. विकत का नाही घेतली याला माझ्याजवळ त्या वेळी उत्तर नव्हतं. काकूंच्या त्या प्रश्नातही उत्तर होतं असं नाही, पण प्रश्न तोच होता.

१० सप्टेंबरला, शुक्रवारी, पहाटे पाचला उठून पाहिलं तर कळी अर्धी उघडली होती. आठ वाजेस्तोवर पूर्ण फूल. पूजा आटोपून काकूंना व्हिडिओ लावला. त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "पानं पिवळी पडताहेत वरची, कोवळी. लोह कमी आहे." बरोबर होतं. इथल्या चुनखडीच्या मातीत लोह झाडाला मिळत नाही, ते वेगळं घालावं लागतं. मी घातलं.

२०२२ च्या डिसेंबरात आम्ही भारतात जाणार होतो. चार काड्या, ओलं फडकं, एक पिशवी. १९८२ साली ज्या वाटेने आली त्याच वाटेने परत. मोह झाला, खोटं कशाला बोलू? नियम पाहिले तर परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला, दोन्ही लागतात. पण मला थांबवलं ते नियमाने नाही. निघायच्या आधी पानं उलटून पाहिली तेव्हा शिरांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे ठिपके होते. पिठ्या ढेकूण. साबणाच्या पाण्याने पुसले, आठ दिवसांनी परत आले. पपईवरचा असलाच एक ढेकूण परदेशातून येऊन २००८ साली तामिळनाडूत पहिल्यांदा दिसला आणि मग महाराष्ट्रातल्या बागांपर्यंत पोचला. माझ्या कुंडीतला कुठल्या जातीचा, मला काय ठाऊक? चिपळूणच्या अंगणात जास्वंदीबरोबर हा पाहुणा सोडायची माझी तयारी नव्हती.

पुण्याला काकूंना भेटून हे सांगितलं. वाटलं होतं त्या रागावतील. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "राहू दे. पुसतोस ना पानं?" पुसतो म्हटलं. "फहाहीलला दिलीस का?"

दिली आहे. तीन झाडांपैकी एक आमच्याकडे, एक फहाहीलला आपल्याच मंडळातल्या एका कुटुंबाकडे, एक फरवानियात. फरवानियाचं गेल्या उन्हाळ्यात, घरचे सुट्टीवर असताना, गेलं.

म्हणून हे लिहितो आहे. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी छाटणी करणार आहे. बारा-पंधरा काड्या निघतील. पानं तपासून, पुसून देईन. ज्यांना हव्या असतील त्यांनी शुक्रवारी सकाळी यावं आणि येताना दीड लिटरची रिकामी बाटली आणावी, बुचासकट. कापून मी देईन. जहरा, मंगफ आणि महबूला इथल्या मंडळींना आधी मिळतील, सालमियाकरांनी राग मानू नये. आणि काडीची तिरपी बाजू खाली.